शंभर अश्वशक्ती आणि वैशाखाचं ऊन

लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून जराशी वर आहे. पण मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ वर गेला की विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला ती पावणेसहा हजार फुटांवर असल्यासारखी वाटते. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. हिशेब सोपा आहे. दोन हजार फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात आणि त्याहून वरच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट जोडतात. नांदेड खालच्या अंगाला, साडेबाराशे फुटांच्या आसपास. पण ४३ अंशांत तिथली हवाही ४,९०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, त्यामुळे शंभर अश्वशक्तीचं इंजिन लातूरच्या उन्हात त्र्याऐंशीवर येतं. आणि त्याला थंड करायलाही हीच तापलेली, विरळ हवा.

हलक्या विमानांच्या इंजिनांचा इतिहास सहसा वाढत्या अश्वशक्तीचा इतिहास म्हणून सांगतात. मराठवाड्यातून पाहिलं तर तो उष्णतेची विल्हेवाट लावण्याचा इतिहास दिसतो, आणि मला हीच बाजू अधिक खरी वाटते.

नांदेड-लातूरला या विमानांचा राबता फारसा झाला नाही, हेही सांगून टाकू. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी नांदेडच्या विमानतळाचं रूप पालटलं. २००९ मध्ये नांदेड, लातूर, तेव्हाचं उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्यानं गेले. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली हैदराबाद–नांदेड विमान सुरू झालं. शिकाऊ वैमानिकांची वर्दळ या पाचांपैकी बारामतीला रुजली आणि तिथे टेक्नाम पी-२००८ सारखी रोटॅक्स इंजिनाची विमानं आली. पुढे २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं नव्या उड्डाणशाळांसाठी जागा निवडल्या, त्यांत खानदेशातलं जळगाव होतं आणि लातूरपासून सीमेपलीकडचं कलबुर्गीही. तिन्हीकडे मे महिना मे महिन्यासारखाच.

मागे जायचं तर सुरुवात ‘पुष्पक’पासून करावी लागते. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यातून हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पिढ्या त्यावर शिकल्या. भरलेलं वजन जेमतेम सहाशे किलो, अमेरिकेतल्या ‘लाइट स्पोर्ट’ विमानांच्या जुन्या मर्यादेएवढंच. इंजिन काँटिनेंटलचं, ९० अश्वशक्तीचं, निव्वळ हवेवर थंड होणारं. सिलिंडरभोवती पातळ पाती आणि हवा त्या पात्यांतूनच जावी म्हणून लावलेले पत्र्याचे आडोसे, एवढाच सरंजाम. सिलिंडर मोठे, फेरे कमी. त्यामुळे उष्णता अंगावर यायची तीही बेतानं. हे इंजिन फार काही देत नसे आणि फार काही मागतही नसे.

नंतर मायक्रोलाइटचा जमाना आला आणि त्याबरोबर दोन-स्ट्रोक इंजिनं. रोटॅक्स ५०३ पंख्याच्या हवेवर थंड होई, ५८२ पाण्यावर. वजनाच्या मानानं ताकद भरपूर, पण तापमानाच्या बाबतीत स्वभाव हळवा. पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडर मागे राहिला, की इंजिन सीझ. या इंजिनांबद्दल आज कुणी हळहळत असेल असं वाटत नाही.

खरी कलाटणी १९८९ ची. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सनं ९१२ हे चार-स्ट्रोक इंजिन बाजारात आणलं: १,२११ सीसी, ८० अश्वशक्ती, ५,८०० फेरे, आणि गिअरबॉक्समुळे प्रॉपेलर मात्र अडीच हजारांच्या आसपास. त्यातली शीतकरणाची वाटणी पाहण्यासारखी आहे. सिलिंडरची नळकांडी हवेवर, पण हेड, म्हणजे जिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजत असतो तो भाग, द्रवावर. जिथे उष्णता सगळ्यांत जास्त तिथेच रेडिएटरचा भार टाकला, आणि बाकीचं वजन वाचवलं.

दशकभरानं त्याची शंभर अश्वशक्तीची आवृत्ती आली. १,३५२ सीसी, कॉम्प्रेशन ९ वरून साडेदहावर. ताकद पाव हिश्श्यानं वाढली. पण सिलिंडर हेडची कमाल मर्यादा? ८० च्या इंजिनाला ती १५० अंश होती, शंभरच्या इंजिनाला १३५. तेलाचीही १४० वरून १३० वर आली. कॉम्प्रेशन वाढलं की अवेळी स्फोटाचा धोका वाढतो, म्हणून हेड अधिक थंड ठेवावं लागतं. जास्त ताकद मागणाऱ्याला उन्हाची सूट कमी मिळते, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच कुठे वाचायला मिळतं.

आपल्याकडच्या ‘हंसा’ची कहाणीही याच वळणानं जाते. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं घडवलेल्या हंसा-३ ला २००० मध्ये प्रमाणपत्र मिळालं, ते टर्बो बसवलेल्या रोटॅक्स ९१४ सह: उड्डाणाला पाच मिनिटं ११५ अश्वशक्ती, पुढे सलग १००. विरळ हवेवरचा टर्बो हा उघड इलाज. पण टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापवतोही, आणि ९१४ ला इंटरकूलर मुळातून नाही. दाबलेली हवा ठरावीक तापमानापलीकडे गेली की नियंत्रकच टर्बोचा दाब उतरवतो. म्हणजे जिथे टर्बो सगळ्यांत हवा, तिथेच तो हात आखडता घेणार. ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिलं उड्डाण केलेल्या हंसा-एनजीत टर्बो नाहीच. तिथे शंभर अश्वशक्तीचं ९१२ आयएस आहे, इंधन-इंजेक्शनचं. कागदावर ही पिछेहाट दिसते. मी तिला शहाणपण म्हणेन. हवेचं तापमान मोजून त्या क्षणाला लागेल तेवढंच इंधन सोडणारं इंजिन उन्हात अधिक भरवशाचं, आणि दाबाखालच्या इंधनात वाफेचे अडथळे होण्याची भीतीही कमी.

हौशी मंडळींनी मात्र परदेशात ९१२ ची ताकद वाढवण्याचे खूप खटाटोप केले: मोठे सिलिंडर, बाहेरून जोडलेले टर्बो. इंजिन वाढलं, त्यावरचं आवरण, म्हणजे काउलिंग, तेच राहिलं. मग तापमान चढलं की पहिला उपाय म्हणून पुढची भोकं मोठी करायची. बहुतेक वेळा दुखणं मागे असतं. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल, किंवा आडोशांच्या फटींतून ती रेडिएटरला बगल देऊन निसटत असेल, तर तोंड कितीही वासलं तरी उपयोग नाही. शिवाय आपल्या धावपट्ट्यांवरची धूळ आणि गवताचं भूस रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतं, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर पाचट बसावं तसं. ते साफ करणं हीसुद्धा ताकदवाढच आहे. फक्त तिची जाहिरात कुणी करत नाही.

कुलंटच्या बाबतीतही एक फेरी मारून झाली. २००० नंतरच्या दशकात रोटॅक्सनं पाणीविरहित कुलंटची शिफारस केली होती. तो १८० अंशांपर्यंत उकळत नाही, हे खरं. पण उष्णता वाहून नेण्यात तो पाण्याच्या मिश्रणाला हरतो, त्यामुळे इंजिन एकूण गरमच चालतं. बरेच जण निम्मं पाणी-निम्मं ग्लायकॉल या जुन्या मिश्रणाकडे परतले. २०१३ च्या सुमारास नवे हेड आले आणि धातूऐवजी थेट कुलंटचंच तापमान मोजायला सुरुवात झाली, मर्यादा १२० अंश. माझ्या मते ही त्या काळातली मोठी सुधारणा, कारण वैमानिकाला जे कळायला हवं तेच काट्यावर दिसू लागलं.

या इंजिनाचं तेल तपासण्याची रीत पाहिली की त्याचा स्वभाव कळतो. तेल इंजिनाच्या पोटात राहत नाही, वेगळ्या टाकीत असतं, आणि ते परत टाकीत ढकलायला पंप नसतो. सिलिंडरमधून झिरपणाऱ्या वायूचा दाबच ते काम करतो. म्हणून दोन्ही इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रॉपेलर हातानं, नेहमीच्या दिशेनं, सावकाश फिरवायचा. टाकीतून ‘गुडगुड’ आवाज आला की मगच पट्टी बुडवून पाहायची. हेच तेल उड्डाणाआधी किमान ५० अंशांवर यावं लागतं. डिसेंबरच्या पहाटे त्याची वाट पाहत बसावं लागतं, काही जण ऑइल कूलरवर चिकटपट्टी लावून अर्धा भाग झाकतात. मे महिन्यात उलट: टॅक्सीवेवर थांबलं की रेडिएटरमधून हवा जात नाही, काटा चढत राहतो, म्हणून नाक वाऱ्याकडे करून उभं राहायचं, आणि वर गेल्यावर घाईनं चढण्याऐवजी नाक थोडं खाली ठेवून वेग घ्यायचा.

इंटरकूलरसकट आलेल्या १४१ अश्वशक्तीच्या ९१५ आयएसनं पूर्ण ताकद १५,००० फुटांपर्यंत टिकवली. २०२३ मध्ये १६० अश्वशक्तीचं ९१६ आलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेनं लाइट स्पोर्ट विमानांची सहाशे किलोची जुनी मर्यादाच काढून टाकणारा नियम जाहीर केला, तेव्हा अशा इंजिनांना मोकळं रान मिळालं. त्यांच्याबरोबर रेडिएटर, नळ्या आणि वजनही आलंच. त्या मानानं साध्या ९१२ नं मिळवलेलं मला अधिक मोलाचं वाटतं: दुरुस्तीसाठी पूर्ण खोलण्याची मुदत वाढत वाढत २,००० तासांवर पोहोचली.

आता नवी अडचण इंधनाची आहे. मांजरा कारखान्यापासून लातूरचा सगळा साखरपट्टा इथेनॉलकडे वळला, आणि पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं झालं. या इंजिनांना पंपावरचं पेट्रोल चालतं, पण रोटॅक्सची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच. उरतं ते विमानाचं शिसंयुक्त पेट्रोल, एव्हीगॅस १०० एलएल, जे २०२२ पर्यंत आयात व्हायचं आणि त्या सप्टेंबरपासून इंडियन ऑइल वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत बनवू लागलं. ते उन्हात सहज वाफाळत नाही, हा फायदा. पण शिसं तेलात उतरतं, टाकीत आणि गिअरबॉक्समध्ये साचतं, म्हणून एव्हीगॅसवर चालणाऱ्या रोटॅक्सचं तेल नेहमीपेक्षा बरंच लवकर बदलावं लागतं.