बॅटल रॅपमध्ये जिंकलं कोण, हे ठरवायचं कसं?

बॅटल रॅप, म्हणजे दोन रॅपरची समोरासमोरची शब्दांची लढत, नव्याने बघणारे टाळ्या मोजतात. मी म्हणतो, थांबा!

१९८१ ची न्यूयॉर्कमधली 'हार्लेम वर्ल्ड' क्लबची लढत घ्या. बिझी बी हा गर्दीला नाचवणारा, डोक्यावर घेतला जाणारा गडी. दुसरा रॅपर कूल मो डी समोर आला आणि त्याने थेट बिझी बीची शैलीच फाडली: गुंतागुंतीची यमकं, नेमके टोले. तिथून रॅपमध्ये शब्दांच्या कारागिरीला वजन आलं, असं जाणकार मानतात. मलाही पटतं.

आजच्या लढती बहुतेक बीटशिवाय आणि तीन फेऱ्यांच्या असतात, मजकूर आधी लिहून पाठ केलेला. म्हणून प्रत्येक फेरीचा निकाल वेगळा लावा. टोला फक्त याच प्रतिस्पर्ध्याला लागतो का? नाव बदलून कुणालाही चिकटत असेल तर गुण कमी. मध्येच ओळ विसरला, तर ती फेरी जवळजवळ गेलीच. आणि समोरच्याने आत्ताच म्हटलेलं उचलून जागच्या जागी परतवलं, तर माझ्या लेखी सगळ्यात जास्त गुण. आपल्या कलगी-तुऱ्यातही उत्तर देता आलं नाही की फड हरलाच!

आरडाओरडा, अंगावर धावून जाणं याला मी शून्य देतो. (मित्र चिडतात, चिडू देत.)

१९८१ च्या त्या लढतीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ऐका आणि तुमचा निकाल कमेंटमध्ये कारणासकट लिहा. नुसतं 'भारी होता' चालणार नाही!