हँडल हातात, मन भलतीकडे

मोटार अपघात दाव्याची फाईल उघडली की कागदांचा क्रम ठरलेला असतो. आधी फिर्याद, मग घटनास्थळाचा पंचनामा, मग मरणोत्तर पंचनामा, शेवटी शवविच्छेदनाचा अहवाल. गेली अठरा वर्षे आम्ही या फायली चालवतो. शेवटच्या कागदापर्यंत जाण्याची गरज फारशी पडत नाही. दुचाकीवरचा तरुण, रात्रीची वेळ, डोक्याला मार. फिर्यादीत ठरलेले वाक्य असते, 'हयगयीने व निष्काळजीपणाने, भरधाव वेगात वाहन चालवून'. ते समोरच्या ट्रकवाल्यासाठी लिहिलेले असते. पण विमा कंपनीचा वकील उलटतपासणीला उभा राहिला की तेच वाक्य हळूहळू मयताकडे वळते. हेल्मेट होते का? मोबाईलवर बोलत होता का? साक्षीदार खाली बघतो.

घरी मात्र सगळे म्हणतात, नशिबात होते. एरवी नशीब, दैव, पूर्वजन्म यांना आम्ही व्यासपीठावरून झोडपतो. मग अपघाताच्या वेळीच हे नशीब कुठून येते?

दुसऱ्याचे कशाला, आमचेच सांगतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या कोर्टातून संध्याकाळी मोटारसायकलवर परत येत होतो. उसाचा हंगाम होता. दुपारी एका अर्जावर आमचा युक्तिवाद फसला होता आणि न्यायाधीशांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायला हवे होते ते आता, गाडीवर, सुचत होते. रस्ता रोजचा. अंधार पडला होता. एकदम समोर काळी भिंत दिसली. उसाने भरलेली ट्रॉली, रस्त्यातच उभी, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. गाडी कशीबशी मुरमावर घातली. उसाचे एक वाढे हेल्मेटच्या काचेवर घासून गेले.

ट्रॉलीवाल्याला दोन शब्द सुनावले. मग कडेला बसून पाणी प्यायलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि खरी भीती तेव्हा वाटली. त्या ट्रॉलीच्या अलीकडे एक मोठे गाव लागते. बसस्टँड आहे, बाजार आहे, तीन गतिरोधक आहेत. ते गाव आम्ही कधी ओलांडले हे काही केल्या आठवेना. गतिरोधकावर क्लच दाबला असणार, गिअर बदलला असणार, माणसे चुकवली असणार. हात गाडीवर होते. आम्ही अजून कोर्टातच होतो.

ट्रॉलीवाल्याची चूक होतीच, कायद्याने शंभर टक्के होती. पण ती ट्रॉली काही आभाळातून पडली नव्हती. लक्ष रस्त्यावर असते तर ती आधी दिसली असती.

ओळखीचा रस्ता असा झोपवतो. नव्या रस्त्यावर माणूस डोळे फाडून बघतो, रोजच्या रस्त्यावर गाडी सवयीवर सोडून देतो आणि मन उधारी, भांडण, मुलीची फी यांत फिरते. त्यात मोबाईल. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. खिशातला फोन काढून नुसते नाव बघायला तीन सेकंद लागतात. म्हणजे ५० मीटर आपण डोळे मिटून गेलो. हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणारे म्हणतात, हात तर मोकळे आहेत! हाताचा प्रश्नच नाही. बोलणाऱ्याचे मन पलीकडच्या माणसाजवळ असते.

त्या दिवसापासून आम्ही एक करतो, लोकांना हसू येईल. मन भरकटते आहे असे वाटले की दिसेल ते तोंडाने बोलू लागतो. डावीकडून सायकल. पुढे शाळा. ट्रॅक्टरच्या आडून पोरगं येईल. हेल्मेटच्या आत कोण ऐकतो? पण तोंड बोलते ते डोळ्यांना बघावेच लागते. नजर पुढच्या चाकाशी नाही, लांब ठेवायची; खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडी खड्ड्यातच जाते. फोन बंद करून पिशवीत. घरात वा कोर्टात वाद झाला असेल तर दहा मिनिटे टपरीवर बसायचे, मग किल्ली लावायची. रात्री डिपरच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबेल एवढाच वेग. आणि पुढच्या ब्रेकची भीती सोडा. गावाकडे अजून समज आहे की पुढचा दाबला की माणूस उलटा पडतो. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याचे मोठे काम तेच चाक करते. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकदम, पण चढत्या जोराने दाबायचे. वाळू, चिखल आणि वळण यांवर मात्र जपून.

हेल्मेटबद्दल वेगळे सांगायला नको, तरी सांगावे लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात हेल्मेट नसलेले ५०,०२९ लोक देशात मेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, पण आमच्याकडे हेल्मेट असते एकच, आणि पत्नी डोक्यावर पदर घेऊन मागे बसते. पुण्यात २०१९ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. ज्यांना अस्मितेसाठी डोकी उघडी ठेवायची त्यांनी ठेवावीत, आमच्या वस्तीतल्या डोक्यांना ती चैन परवडणारी नाही. हेल्मेट आयएसआयचेच घ्या, हनुवटीखालचा पट्टा आवळा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी आतले थर्माकोल दबलेले असते, ते टाकून द्या.

आता मित्राच्या गाडीविषयी. चळवळीतला कार्यकर्ता पुष्कळदा दुसऱ्याची गाडी मागून नेतो. तो स्वतःच्या चुकीने पडला, तर गाडीचा थर्ड पार्टी विमा त्याच्या उपयोगाचा नाही. गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी धरला जातो, तो तिऱ्हाईत ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा आणि २०२० च्या रामखिलाडी निकालांत हेच सांगितले आहे. पॉलिसीतले १५ लाखांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण असते ते नोंदणीकृत मालक-चालकासाठी, तेही लायसन्स असेल तर.

हे आम्ही एका बहिणीला समजावून सांगितले आहे. तिचा नवरा आमच्याच तालुक्यातल्या सभेहून रात्री परत जात होता. सभा सातची होती. सुरू झाली साडेनऊला, कारण पाहुणे उशिरा आले. सत्कार झाले, मग सत्काराला उत्तरे, मग आमचेही भाषण झाले, चाळीस मिनिटांचे. आभार मानले तेव्हा एक वाजून गेला होता. खुर्च्या उचलून तो मित्राची गाडी घेऊन निघाला, घर ५५ किलोमीटरवर, सकाळी सातला कंपनीची पाळी. दारूच्या थेंबाला न शिवणारा पोरगा. पंचशीलातले पाचवे शील मद्याला प्रमादाचे कारण म्हणते, ते त्याने पाळले होते. झोपेने होणाऱ्या प्रमादाचा विचार आम्ही आयोजकांनी करायला हवा होता. दोनच्या सुमारास तो पुलाच्या कठड्याला धडकला. दुसरे वाहन नव्हते. दावा कुणावर करायचा? पाहुण्यांसाठी मोटार होती, विश्रामगृहाची खोली होती. खुर्च्या उचलणाऱ्याला सतरंजीसुद्धा नव्हती.

ती बहीण सगळे ऐकून एवढेच म्हणाली, "दादा, सभा लवकर नाही का संपवता येत?"

आमच्या तालुक्यात आता साडेनऊला माईक बंद होतो. वक्ते नाराज होतात. लांबून आलेल्यांसाठी विहारात वीस चटया आणि पांघरुणे घेतली आहेत, गाड्यांच्या किल्ल्या दारातच एका डब्यात जमा करून घेतो. निघालेल्याला वाटेत कुणी फोन करायचा नाही, घरी पोहोचल्यावर त्यानेच करायचा. मागच्या कार्यक्रमाला अकरा जण मुक्कामाला राहिले. त्यांतले दोघे डब्यातून किल्ली काढून पहाटे चारलाच निघून गेले, त्यांच्याशी आमचे अजून बोलायचे राहिले आहे.