लहान आतडे कापल्यावर साधे पाणी का पुरत नाही?
लहान आतडे साधारण ६ मीटर लांब. गाठ, क्षय किंवा रक्तपुरवठा तुटल्याने त्याचा तुकडा काढावा लागतो. थोडाच भाग गेला तर बहुधा निभावते. २ मीटरपेक्षा कमी उरले की खरी कसरत सुरू होते. तहान लागली म्हणून रुग्ण तांब्याभर पाणी पितो आणि जुलाब उलट वाढतात. आखूड आतड्यात साधे पाणी शरीरातलेच मीठ ओढून बाहेर नेते. साखर-मिठाचे प्रमाण नेमके असलेले ओआरएस घोटाघोटाने घेतल्यास मुरते. किती घ्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आतड्याचा शेवटचा मोठा भाग गेला असेल तर बी-१२ची इंजेक्शने बहुतेकदा जन्मभर. उरलेले आतडे हळूहळू जास्त शोषू लागते; त्याला कधी दोन वर्षेही लागतात.