विमानाने भेंडी जाते, साखर नाही

ऊस तुटला की चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही गटागटांतून सांगत फिरतो. उशीर झाला की वजन घटते, उतारा पडतो. मग कोवळ्या भेंडीचे आणि गुलाबाचे काय होत असेल? हा माल लंडनच्या बाजारात ताजा पोचवायचा तर विमानच पाहिजे.

नवी मुंबईत उलव्याजवळ नव्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले व २५ डिसेंबरपासून विमाने सुरू झाली. पेपरात फोटो प्रवाशांचे. आमचे लक्ष मालाकडे गेले. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला सुमारे ५ लाख टन मालाची आहे, सर्व टप्पे झाल्यावर साडेबत्तीस लाख टनांची. पाच हजार टनी कारखाना शंभर दिवसांत जेवढा ऊस गाळतो, तेवढे हे पहिले ५ लाख टन!

विमानतळाला मालाची एवढी ओढ कशापायी? प्रवासी विमानाच्या पोटातही माल जातो. ती जागा रिकामी गेली की भाडे बुडाले. गाडीवानाला हे वेगळे सांगायला नको. शिवाय जुना विमानतळ वस्तीने वेढलेला, तर नव्याजवळ न्हावाशेवा बंदर आणि द्रुतगती मार्ग. घाट उतरलेला ट्रक मुंबईच्या गर्दीत न शिरता पोचतो. वाशीला पणन मंडळाचे विकिरण केंद्रही आहे.

पण सगळाच माल उडत नाही. साखर बोटीनेच जाते. युरोपची द्राक्षेसुद्धा बहुतेक थंड कंटेनरमधून बोटीनेच जातात. विमानाचे भाडे किलोवर असते, तेव्हा हलका, महाग आणि लवकर नासणारा मालच त्याला परवडतो.

दुसरे म्हणजे, विमान अळी लपवत नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू बंद केले होते; कारण फळमाशी आणि इतर किडी. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. तोवर एक अख्खा हंगाम गेला.

नव्या विमानतळाच्या सुरुवातीच्या फेऱ्या देशातल्या देशातच होत्या. म्हणून उभा ऊस मोडू नका. पाण्याच्या सोयीची दहा-वीस गुंठे जागा असेल, तर भेंडी-मिरचीचा विचार जरूर करा. मात्र आधी कृषी खात्याकडे शेताची निर्यातीसाठी नोंदणी, मग बियाणे. फवारणीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. वही कशी लिहायची ते आम्ही गट ऑफिसात दाखवू. येताना सातबारा आणा.