चोंदलेलं नाक आणि सोळापट कष्ट

“छातीत भरलंय गं याच्या,” बाळाच्या पाठीवर तळहात ठेवत आई म्हणाली. माझा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा होता आणि रात्रीचे अडीच वाजले होते. मीही हात ठेवून पाहिला. घुरघुर लागत होती खरी, घोरणाऱ्या मांजराच्या पाठीवर लागते तशी. उजाडेपर्यंत आम्ही दोघींनी छातीचं दुखणं पक्कं ठरवून टाकलं होतं. सकाळी डॉक्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब सोडले. बाळ शिंकलं, चिकट शेंबडाची एक गुठळी बाहेर आली आणि पाठीवरची घुरघुर थांबली. त्यानंतर त्यांनी स्टेथोस्कोप लावला. छाती स्वच्छ होती.

बाळाच्या छातीची भिंत पातळ असते. नाकाशी हवा अडखळली की तो आवाज घशातून श्वासनळीत उतरतो आणि थेट पाठीवर थरथरतो. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की पाइप आपल्या भिंतीत गुरगुरतो, तसंच हे. म्हणून घुरघुर ऐकली की आधी कान बाळाच्या नाकाजवळ न्यावा. आवाज तिथेच जास्त येत असेल आणि नाक साफ केल्यावर जात असेल, तर दुखण्याचा मुक्काम बहुधा नाकातच आहे.

पण एवढ्याशा नाकाचा एवढा गोंधळ का? मोठ्या माणसाला पडसं झालं की तो रुमाल घेऊन ऑफिसला जातो आणि बाळ मात्र अख्खं घर जागं ठेवतं. ह्यातलं गणित ज्याँ प्वाझॉय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात मांडलं. त्याला रक्त बारीक वाहिन्यांतून कसं वाहतं याचं कुतूहल होतं, म्हणून तो काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं घेत बसला. १८४०च्या सुमारास त्याने दाखवून दिलं की नळीचा अडथळा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे नळी निम्मी अरुंद झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, चौपटही नाही. चार वेळा दोन घेऊन एकमेकांशी गुणा, तो सोळापट होतो.

आता समजा, मोठ्या माणसाची वाट ८ मिलिमीटर रुंद आहे आणि बाळाची ४. दोघांच्याही अस्तराला चहूकडून एकेक मिलिमीटर सूज आली. मोठ्याची वाट ६ मिलिमीटर उरली, अडथळा साधारण तिप्पट झाला. बाळाची उरली २, अडथळा सोळापट. सूज तीच, विषाणूही तोच. नाक ही काही काचेची सरळ नळी नाही, त्यामुळे आकडा तंतोतंत सोळाच येईल असं नाही, पण हिशेबाचा कल हाच राहतो. याची उलट बाजू सुखाची आहे. वाट अर्ध्या मिलिमीटरने जरी मोकळी झाली तरी बाळाला मिळणारा आराम फार मोठा असतो. दोन थेंबांनी चमत्कार झाल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच.

मग तोंडाने का नाही घेत श्वास? पहिल्या काही महिन्यांत बाळाचं स्वरयंत्र गळ्यात बरंच वर असतं, जवळजवळ टाळूच्या पडद्याला टेकलेलं. त्यामुळे तोंडात दूध ओढत असताना नाकाने श्वास चालू ठेवता येतो, फक्त गिळण्याच्या क्षणी तो थांबतो. पुढे स्वरयंत्र खाली सरकतं. त्या मोकळ्या जागेच्या जोरावर आपण बोलतो, आणि तिच्यापायीच आपल्याला ठसका लागतो. तोवर बाळाला नाकाचीच सवय असते. तोंडाने श्वास घेणं त्याला अगदीच अशक्य नसतं, पण ते सुचायला वेळ लागतो आणि रडणं हाच त्यातला सोपा मार्ग. अंगावर पिताना तर तोही बंद. चोंदलेल्या नाकाचं बाळ दोन घोट ओढतं, सोडतं, चिडतं, पुन्हा ओढतं. आईला वाटतं दूध कमी पडतंय. खरं तर त्याला श्वास आणि दूध यांतलं एकच निवडावं लागत असतं.

अडवणारा शेंबूडच असतो, हाही अर्धाच समज. नाकाच्या आतल्या वळ्यांत रक्ताच्या फुगणाऱ्या शिरांचं जाळं आहे. विषाणू शिरला की त्या शिरा फुगतात आणि वाट आतूनच आवळते. आडवं केलं की डोक्याकडे रक्त साचून त्या आणखी फुगतात, म्हणून दिवसा बरं असलेलं बाळ रात्री बेजार होतं आणि खांद्यावर उभं धरलं की निवतं. शेंबूड बिचारा बहुतांशी पाणीच आहे. त्यात थोडी चिकट प्रथिनं, थोडं मीठ आणि विषाणूंशी लढून मेलेल्या पेशी. त्याचा हिरवट रंगही या पांढऱ्या पेशींमधल्या एका लोहयुक्त विकराचा. हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हे समीकरण चुकीचं आहे. सर्दी विषाणूंची असते आणि अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या आसपास प्रकार आहेत, त्यामुळे लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं डॉक्टर सामान्यच मानतात.

उपायांत सगळ्यात साधा तो सगळ्यात भरवशाचा निघतो: मिठाचं पाणी. ०.९ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम एक ग्रॅम मीठ. एवढाच खारटपणा आपल्या रक्ताचा आणि अश्रूंचा. पोहताना नाकात साधं पाणी गेलं की झिणझिण्या येतात, कारण ते पेशींच्या मानाने फार अळणी असतं. एवढं खारट पाणी झोंबत नाही, वाळलेलं सैल करतं. मेडिकलमधून बाटली आणावी, पण आणताना लेबल वाचावं. त्यावर फक्त सोडियम क्लोराईड हवं. तशाच दिसणाऱ्या बाटलीत ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीन असेल तर ते शिरा आकसवणारं औषध आहे. तान्ह्या बाळाला त्याने गुंगी येऊ शकते, श्वासही मंदावू शकतो.

मिठाच्या पाण्याला अलीकडे आणखी थोडी प्रतिष्ठा मिळाली. एडिंबरामधल्या संशोधकांनी ६ वर्षांपर्यंतच्या मुलांवर २.६ टक्के खारट थेंबांची चाचणी घेतली आणि २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत निष्कर्ष सांगितले. थेंब घेणाऱ्या मुलांची सर्दी सरासरी ६ दिवसांत ओसरली, इतरांची ८ दिवसांत. थेंब पालकांनीच घरी बनवले होते, पण ते शिकवल्यावर. आपण अंदाजाने चमचा बुडवू नये.

थेंब दूध पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं टाकावेत, मिनिटभर थांबावं आणि मग रबरी फुग्याने हलकेच ओढून घ्यावं. फुगा आधी दाबायचा, मग नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचा. आत खुपसायचा नाही. दिवसातून तीन-चार वेळा पुरे, कारण सारखं ओढलं तर अस्तर सुजतं आणि पुन्हा प्वाझॉयचं गणित उलटं फिरतं. दूध थोडं थोडं, पण वरचेवर पाजावं. जागं असताना बाळाला उभं घ्यावं. झोपवताना मात्र सपाट, पाठीवर. उशी लावून डोकं उंच करण्याचा मोह होतो, झोळीत तर ते आपसूक होतं, पण तान्ह्याची हनुवटी छातीवर टेकली की अरुंद वाट आणखी मुडपते.

आता आपल्या घरातल्या फडताळाकडे वळू. इथे मला जरा कठोर व्हावं लागणार आहे, आणि आईची आधीच क्षमा मागते. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवायला हरकत नाही, तव्यावरची गरम बाळाच्या कातडीला लावायला आहे. धुरीचा धूर, मग तो वेखंडाचा असो की धूपाचा, सुजलेल्या अस्तराला आणखी डिवचतो. नाकात तेल किंवा तूप सोडलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. तेल तिथून सहज निघत नाही आणि त्याचा वेगळाच न्यूमोनिया होतो. गरम पाण्याच्या भांड्याने बाळं भाजतात. मध एक वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. गुटीबरोबरचा मधही याला अपवाद नाही.

छातीला चोळायच्या बामाची गोष्ट मजेशीर आहे. मेन्थॉलने नाक मोकळं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात वाट तसूभरही रुंदावत नाही. थंडावा ओळखणारा एक ग्राहक, टीआरपीएम८, मेन्थॉलमुळे चाळवतो आणि मेंदूला ‘थंड हवा आत येतेय’ असा निरोप धाडतो. हा ग्राहक २००२ मध्ये सापडला. तो शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना तापमान व स्पर्शाच्या संवेदनांवरील कामासाठी २०२१चं नोबेल मिळालं. मोठ्या माणसाला ही गोड फसवणूक चालते. तान्ह्याच्या नाकाशी मेन्थॉल नेलं तर उलट श्वास अडखळू शकतो, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. दोन वर्षांखाली बाम नकोच.

राहिली सर्दीची सिरपं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून जास्त मुलं विषारी डायइथिलीन ग्लायकॉल असलेल्या सिरपने दगावली. त्यांतल्या काहींना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. मुंबईने हेच रसायन १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयातल्या १४ मृत्यूंत पाहिलं होतं. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. पण भेसळ नसलेलं सिरपही तान्ह्याच्या सर्दीवर काही उपयोगाचं नसतं, ही गोष्ट त्या गदारोळात मागेच पडली.

मग घाबरायचं कधी? याचं उत्तर गडचिरोलीत सापडतं. १९८८ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या खेड्यांत मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. एक्स-रे नाही, डॉक्टर लांब. मग श्वास मोजायचे. दाईंना दहाच्या पुढे मोजणं अवघड जायचं, म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया धरायचा. १९९०च्या ‘लॅन्सेट’मध्ये या कामाचे आकडे आले. ज्या गावांत हे चाललं, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा आहेत: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक. याशिवाय श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, नेहमीच्या निम्म्याहून कमी पीत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि मोजायचं ते बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत. रडताना मोजलेला आकडा निरुपयोगी. मोबाइलचा टायमर लावा, कुडतं वर करा आणि पोटाकडे पाहत पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ही बाळं मध्येच भरभर श्वास घेतात आणि मध्येच थांबतात.