एक आयोग, दोन यंत्रं

संपादकांनी खादीवर लिहायला सांगितलं होतं. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कागदपत्रं चाळताना मी मात्र मधपेटीपाशी अडकलो. 1957 साली स्थापन झालेल्या या आयोगाकडे सूतही आहे आणि मधमाशीही. मधमाशी संशोधन व प्रशिक्षणाची त्याची केंद्रीय संस्था 1962 पासून पुण्यात आहे.

सुताची कथा अनेकांना ठाऊक आहे. चांगला चरखा बनवणाऱ्याला 1929 मध्ये एक लाखाचं बक्षीस जाहीर झालं. अट अशी की यंत्र झोपडीत चालावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि आठ तासांत सोळा हजार यार्ड सूत निघावं. किर्लोस्करवाडीतही त्यासाठी खटपट झाली, पण बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला.

मधपेटीला असं बक्षीस लागलं नाही. तिचं मर्म आहे रिकाम्या जागेत. 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या मधपाळाला दिसलं, की युरोपीय माशी अगदी अरुंद फट राळेनं बुजवते आणि रुंद जागेत पोळं बांधते. मधलं, जेमतेम बोट जाईल एवढं अंतर मात्र ती येण्याजाण्यासाठी मोकळं सोडते. म्हणून तेवढं अंतर ठेवलेल्या पेटीतल्या चौकटी एकमेकींना चिकटत नाहीत, पुस्तकाच्या पानासारखी एकेक उचलून पाहता येते. आपली सातेरी माशी अंगानं लहान, तिची घरंही लहान, त्यामुळे तिला वेगळी पेटी लागते. दक्षिणेत ही पेटी रुजली न्यूटनच्या नावानं. हा न्यूटन सफरचंदवाला नव्हे, तिरुचिरापल्लीकडचा पाद्री!

पेटीत खाली पिलावा, वर मध. वरची चौकट काढायची, घरांवरची मेणाची झाकणं सुरीनं तासायची आणि चौकट हातानं फिरवायच्या पिंपात उभी करायची. दांडा फिरला की मध भिंतीवर उडून खाली उतरतो, पोळं शाबूत राहतं आणि पुन्हा पेटीत जातं. एक किलो मेण घडवायला माशा कित्येक किलो मध खर्चतात. तो खर्च वाचतो. पोळं पिळून मध काढण्यात पिल्लंही चिरडली जात. चरख्याइतकंच हे यंत्रही गरिबाच्या घरासाठी आहे, आणि मला तरी ते जास्त हुशार वाटतं.

आता खरी अडचण. सुताचा कापूस जिथं पिकतो, तिथंच फवारणीनं माशी मरते. कपाशीच्या फुलावर माशी मकरंदासाठी येते. शिवाय पानाच्या मागच्या शिरेवरही मकरंद पाझरतो, म्हणून फूल नसतानाही माशी येते. बोंडअळीसाठी 2002 मध्ये बीटी बियाणं आलं, पण मावा-तुडतुड्यांवरची फवारणी थांबली नाही. 2017 मध्ये यवतमाळात फवारणी करणारी माणसंच दगावली. माशांचा हिशेब कोण ठेवतो?

त्याच वर्षी आयोगानं मध अभियान सुरू केलं आणि पेट्या वाटायला घेतल्या. 2022 मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर ‘मधाचं गाव’ झालं. जंगलाच्या कुशीत हे साधतं. विदर्भाच्या कपाशीत नुसती पेटी देऊन भागणार नाही. सुताचं आणि मधमाशीचं खातं एकाच आयोगाकडे असताना कापसाच्या फवारणीचा प्रश्न त्याला परका कसा?

तोवर कापूस पिकवणाऱ्यांना एवढीच विनंती : फवारायचंच असेल तर माशा पेटीत परतल्यावर, दिवस मावळताना फवारा. आणि शेजारच्या बांधावर पेट्या असतील, तर आदल्या दिवशी मालकाला कळवा.