पानओव्याचा भाऊ आणि मूत्रपिंडातल्या गाठी

दापोलीहून उतरून मुरुडला आलं, म्हणजे जंजिऱ्याच्या नव्हे, महर्षी कर्व्यांच्या मुरुडला, की नारळी-पोफळीच्या वाड्यांतून न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेला पानओवा हमखास दिसतो. पान जाड, मखमली, कडेला बोथट दाते. मोडलं की कट्‌ असा आवाज येतो आणि बोटांचा ओव्याचा वास बराच वेळ जात नाही. पावसाळ्यात त्याची भजी होतात, पोरांना सर्दी झाली की त्याचा रस मधातून चाटवतात.

या पानओव्याचा एक भाऊ आहे, माईनमूळ. पानं तशीच लवदार, पण किंमत मुळाला. त्याचं लोणचं घालतात; गुजरातेत त्यालाच गरमर म्हणतात. मूत्रपिंडात गाठी का वाढतात, हे जगाला समजायला या लोणच्याच्या मुळाची फार मोठी मदत झाली आणि त्यातला पहिला अंक मुंबईत, मुलुंडला घडला.

आधी आजार समजून घेऊ. ‘पॉलिसिस्टिक किडनी’ म्हणजे मूत्रपिंडात पाण्याने भरलेल्या असंख्य पिशव्या तयार होणं. निरोगी मूत्रपिंड मुठीएवढं, साधारण दीडशे ग्रॅमचं. या आजारात ते वाढत वाढत असोल्या नारळाएवढं होऊ शकतं. पिशव्या फुगतात आणि मधली कामाची जागा चेपत जाते. आजार घराण्यातून येतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. मुख्य दोष ज्या जनुकात असतो ते १९९४ साली सापडलं. साठीपर्यंत सुमारे निम्म्या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होतात. तोवर अनेकांना फक्त रक्तदाब वाढलेला असतो, कधी पाठीत दुखतं आणि एखाद दिवशी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठी दिसतात.

आता मुलुंड. हेक्स्ट कंपनीच्या तिथल्या संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या वनस्पती एकेक करून तपासल्या जात होत्या. माईनमुळाच्या अर्काने रक्तदाब उतरतो आणि हृदयाचं आकुंचन जोरदार होतं, असं दिसलं. त्यातलं द्रव्य वेगळं काढून सुजाता भट, नोएल डिसोझा आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. नाव पडलं फोर्स्कोलिन. शोध हृदयाच्या औषधाचा होता. पण १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन आणि डेली यांनी दाखवलं, की हे द्रव्य पेशीतला ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा निरोप्या झपाट्याने वाढवतं. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिनची बाटली असतेच.

मूत्रपिंडाच्या गाठींचं गुपित याच निरोप्यात आहे. तो वाढला की पिशवीच्या अस्तरातल्या पेशी भराभर दुपटीने वाढतात आणि आत क्षार सोडू लागतात. क्षारामागून पाणी जातं आणि पिशवी फुगते. प्रयोगशाळेत गाठी मुद्दाम फुगवायच्या असतील तर आजही फोर्स्कोलिन घालतात. कॅन्सस विद्यापीठात जेरेड ग्रँथम यांच्या गटाने तर २००७ मध्ये रुग्णांच्या गाठींतल्या पाण्यातच फोर्स्कोलिनसारखा रेणू असल्याचं नोंदवलं. वनस्पतीचं द्रव्य म्हणजे औषधच असणार, असं मानणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पोट कमी करण्यासाठी माईनमुळाच्या अर्काच्या गोळ्या आज सर्रास विकल्या जातात. ज्याच्या घरात हा आजार आहे, त्याने त्या घेऊ नयेत, असं मी ठामपणे म्हणेन.

या निरोप्याला आवर घालण्याच्या विचारातूनच टोल्व्हॅप्टान ही गोळी या आजारासाठी वापरात आली. २०१२ च्या मोठ्या चाचणीत १४४५ रुग्णांना तीन वर्षं तपासलं. मूत्रपिंडाची वाढ वर्षाला साडेपाच टक्क्यांवरून पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आली. आजार बरा झाला नाही, वेग मंदावला. शिवाय दिवसरात्र लघवीला पळावं लागतं आणि यकृतावर सतत लक्ष ठेवावं लागतं. म्हणून संशोधक पुन्हा झाडांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे.

चिनी वेलीतल्या ट्रिप्टोलाइडने येल विद्यापीठात उंदरांच्या गाठी कमी झाल्या; पण तो रेणू जहाल विषारी आहे. लंडनच्या रॉयल हॉलोवेमध्ये ग्रेपफ्रूटमधल्या नारिंजेनिनने पेशींतल्या गाठी रोखल्या. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचंच संकरित अपत्य. मात्र टोल्व्हॅप्टान घेणाऱ्याला ग्रेपफ्रूटचा रस वर्ज्य आहे, कारण तो गोळीची रक्तातली मात्रा वाढवतो. आणि हळद? कर्क्युमिनकडून मोठ्या आशा होत्या. कोलोराडोत ६ ते २५ वर्षांच्या ६८ मुलामुलींना वर्षभर कर्क्युमिन किंवा नुसती बनावट पूड दिली. रक्तवाहिन्यांतही फरक पडला नाही, मूत्रपिंडाच्या वाढीतही नाही. मला हा निकाल वाचून वाईट वाटलं, पण तो प्रामाणिक निकाल आहे आणि तसाच सांगायला हवा.

सध्या लक्ष आहे ते आपल्या घराघरांत मधुमेहासाठी असलेल्या मेटफॉर्मिनवर. तिचा उगम युरोपातल्या एका चाऱ्याच्या झुडपातल्या द्रव्यात आहे. ते द्रव्य तसंच दिलं तर बाधतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचं रूप पालटलं, तेव्हा गोळी झाली. गाठींवर तिचा कितपत उपयोग होतो, याच्या मोठ्या चाचण्या सुरू आहेत.

“झाडपाल्याचंच तर आहे, अपाय काय व्हायचाय?” असं कोकणात नेहमी ऐकू येतं. अपाय होतो. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्याच्या औषधात चुकून ॲरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली. त्याच कुळातली सापसंद आपल्या सह्याद्रीतही वाढते. आधीच अशक्त झालेल्या मूत्रपिंडाला काढा देताना त्यात नेमकं काय पडलंय, हे डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही दाखवा.

आणि घरात आई, वडील, काका, आत्या यांपैकी कुणाला डायलिसिस लागलं असेल किंवा सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या असतील, तर घरातल्या तरुणांचा रक्तदाब आजच मोजून घ्या आणि एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या. मीठ कमी करा, दुखलं म्हणून मनाने वेदनाशामक गोळ्या खाऊ नका. पानओव्याची भजी मात्र खुशाल खा, फक्त मीठ जपून घाला.